देवासमोरचा रंगमंच: वेइत्सुन गावचं बैलराजाचं देऊळ कसं पाहावं

चीनला जाणारा मराठी माणूस बहुधा बीजिंगजवळची भिंत, शीआनचे मातीचे सैनिक आणि शांघायची रोषणाई पाहून परततो. पण नाटकाचं वेड असेल, देवळाच्या आवारात रात्र जागवून दशावतार पाहिलेला असेल, तर त्याच दौऱ्यातले दोन दिवस राखून ठेवा आणि शान्सी प्रांतातल्या लिनफन शहराकडे वळा. शहराच्या वायव्येला वीसेक किलोमीटरवर वेइत्सुन नावाचं गाव आहे. तिथे 'न्यू-वांग म्याओ' म्हणजे बैलराजाचं देऊळ आहे, आणि त्याच्या अंगणात देवाकडे तोंड करून उभा असलेला एक रंगमंच आहे. हा रंगमंच पहिल्यांदा उभा राहिला १२८३ साली. तेव्हा चीनवर कुब्लाई खानाचं राज्य होतं आणि आपल्याकडे देवगिरीवर रामदेवराय यादव राज्य करत होता. एवढा जुना रंगमंच अजून छपरासकट उभा आहे, आणि त्यासमोर बहुतेक दिवशी चार माणसंही नसतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याला लागतील त्या गोष्टी लागतील त्याच क्रमाने सांगते. काही टप्पे दोन ओळींत उरकतील. अंगणात पोचल्यावर मात्र मी रेंगाळणार आहे, तुम्हीही तिथे रेंगाळा.

पहिली पायरी: आपण काय पाहायला जातोय ते समजून घ्या

चिनी भाषेत या रंगमंचाला 'शी-थाइ' म्हणतात. शी म्हणजे नाटक, थाइ म्हणजे चौथरा. उत्तर चीनच्या गावांत देऊळ बांधलं की त्याच्यासमोर शी-थाइ बांधायची रीतच होती. खेळ देवासाठी व्हायचा, माणसं त्याचा लाभ घ्यायची. आपल्याकडे कोकणात जत्रेला दशावताराचा खेळ देवळात होतो आणि गोव्यात देवस्थानासमोर नाटक होतं, त्यामागे हाच भाव आहे, म्हणून तो मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. फरक एवढाच की आपण बरेचदा मांडव घालतो किंवा सभामंडप वापरतो, आणि त्यांनी देवळाइतकंच पक्कं, कोरीवकामाचं, कायमचं नाट्यगृह देवासमोर उभं केलं.

लिनफनचं जुनं नाव फिंगयांग. युआन राजवटीत, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकात, चिनी नाटकाचा 'त्साच्यू' हा प्रकार भरात होता, आणि फिंगयांग हे त्याच्या मुख्य केंद्रांपैकी एक. चार अंक, आणि साधारणपणे एकाच पात्राने गायची सगळी पदं, असा त्याचा साचा. त्या काळच्या चार थोर नाटककारांत ज्याची गणना होते तो चंग क्वांगत्सू याच फिंगयांगचा. एवढं माहीत असलं तरी त्या रिकाम्या चौथऱ्याकडे पाहण्याची नजर बदलते. युआन काळातले रंगमंच आता जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत आणि ते याच दक्षिण शान्सीत आहेत. चीनमधला सर्वांत जुना ज्ञात रंगमंचही या प्रांतातच, काओफिंगजवळच्या वांगपाओ गावातल्या अर्लांग देवळात. त्यावर ११८३ सालचा कोरीव लेख आहे. वेइत्सुनचा त्याच्याहून शंभर वर्षांनी धाकटा, पण पहिल्या भेटीला मी वेइत्सुनच सुचवेन, कारण इथे देव, अंगण आणि रंगमंच यांचं नातं एका नजरेत कळतं.

बैलराजाबद्दलही थोडं. देवळात तिघांची पूजा होते: बैलराजा, अश्वराजा आणि औषधराजा. नांगराचा बैल, ओझ्याचं जनावर आणि दोघांच्याही दुखण्यावरचा उपाय. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवणाऱ्या आणि त्याला पुरणपोळी खाऊ घालणाऱ्या घरातला माणूस इथे परका राहत नाही.

दुसरी पायरी: आधी माझगावला जाऊन या

मुंबईकरांनी ही पायरी गाळू नये. डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ माझगावात 'सी यूप कून' नावाचं छोटं चिनी देऊळ आहे, १९१९ सालचं. वरच्या मजल्यावर कुआन कुंग हा देव आहे, लाल चेहऱ्याचा, लांब दाढीचा वीर. तो मुळात हाडामांसाचा सेनापती, आणि त्याचं जन्मगाव दक्षिण शान्सीतच, लिनफनच्या पलीकडच्या युनछंग भागात. म्हणजे आपण ज्या मुलखात निघालोय तिथलाच देव दक्षिण चीनच्या माणसांबरोबर समुद्रमार्गे माझगावात येऊन बसलाय. कुआन कुंग चिनी रंगभूमीवरचंही मोठं पात्र आहे, आणि त्याचा लाल चेहरा रंगमंचावरही लालच असतो.

इथे उदबत्ती कशी लावतात, फळं कशी मांडतात, कौल लावायच्या काड्या कशा हलवतात, हे शांतपणे पाहून घ्या. तिकडे गेल्यावर बावरायला होत नाही.

तिसरी पायरी: दिवस ठरवा, त्यासाठी पंचांग काढा

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने बरे. हिवाळ्यात थंडी कोरडी आणि बोचरी असते, उन्हाळ्यात ऊन भाजून काढतं.

खेळ पाहायचा असेल तर मात्र इंग्रजी तारीख उपयोगाची नाही. शान्सीतल्या गावजत्रा, ज्यांना 'म्याओ-ह्वेइ' म्हणतात, चांद्र तिथीवर चालतात. इथे आपलं पंचांग कामी येतं. चिनी महिना आपल्या महाराष्ट्रातल्या महिन्यासारखाच अमावास्येच्या सुमारास बदलतो. त्यांचा पहिला महिना बहुतेक वर्षी आपल्या माघाच्या आसपास येतो, त्या हिशोबाने चौथा महिना म्हणजे वैशाख. अधिक महिना त्यांच्याकडेही असतो, पण तो आपल्याबरोबरच पडेल असं नाही, त्यामुळे एखाद्या वर्षी महिन्याचा फरक पडतो. म्हणून पंचांगावरून अंदाज घ्या आणि फोनवरच्या चिनी कॅलेंडरवर तो पक्का करा. बैलराजाची जत्रा चौथ्या महिन्यात, दशमीच्या आसपास असते. चिनी नववर्षानंतरचे पंधरा दिवसही गावोगावी नाटकांचे.

जत्रेला गेलात तर माणसं दिसतील, रंगमंच नीट दिसणार नाही. एरवी गेलात तर रंगमंच दिसेल, माणसं दिसणार नाहीत. एकदाच जाणं होणार असेल तर मी जत्रेशिवायचा दिवस निवडेन.

चौथी पायरी: पोचायचं कसं

हा भाग झटपट उरकते. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतोच. भारत आणि चीन यांच्यातली थेट विमानं २०२५च्या ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू झाली आहेत. उतरल्यावर आधी शीआन किंवा थाइयुआन गाठा. या दोन शहरांना जोडणाऱ्या वेगवान रेल्वेवर 'लिनफन पश्चिम' स्टेशन आहे. शहराच्या पोटात जुनं लिनफन स्टेशनही आहे, तिथे साध्या गाड्या थांबतात, तेव्हा तिकीट काढताना नाव दोनदा वाचा. तिकीट पासपोर्टच्या नावावर निघतं आणि फाटकावरही पासपोर्टच दाखवायचा असतो.

निघण्यापूर्वी फोनमध्ये चार गोष्टी हव्यात: पैसे देण्यासाठी अलीपे, त्याला आपलं कार्ड जोडलेलं, टॅक्सीसाठी दीदी, नकाशासाठी काओत, कारण गूगलचा नकाशा तिथे भरवशाचा नाही, आणि नेटशिवाय चालणारं भाषांतराचं अ‍ॅप. भारतीय सिमचं रोमिंग घेतलं तर घरच्यांशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं सहसा चालू राहतं. देवळाचं आणि गावाचं नाव चिनी लिपीत लिहून त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. टॅक्सीवाल्यापुढे आपल्या उच्चारांचा निभाव लागत नाही, स्क्रीनशॉटचा लागतो.

लिनफनहून अर्ध्या दिवसासाठी गाडी ठरवा आणि चालकाला थांबायला सांगा. गावातून परत येताना रिकामी टॅक्सी मिळेल ही आशा धरू नका. हॉटेल घेताना परदेशी पासपोर्ट चालतो का, हे आधी विचारून घ्या.

जेवणाचं म्हणाल तर शान्सी हा नूडल्सचा आणि व्हिनेगरचा मुलूख. प्रत्येक टेबलावर काळ्या व्हिनेगरची बाटली असते आणि ते वाटीत सढळ हाताने ओततात. लिनफनचा नाश्ता म्हणजे गोमांसाच्या गोळ्यांची तिखट नूडल्स. शाकाहारी असाल तर 'वो छ्र-सू', म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढं पाठ करा आणि ते फोनवर लिहूनही दाखवा. टोमॅटो-अंड्याची नूडल्स जवळजवळ सगळीकडे मिळतात. अंडंही चालत नसेल तर सोबत चिवडा-दशम्या असू द्या.

पाचवी पायरी: किल्ली

नवखा माणूस इथेच अडतो. शान्सीतल्या गावदेवळांना, ती कितीही जुनी आणि राष्ट्रीय संरक्षित असली तरी, बरेचदा कुलूप असतं. तिकीटखिडकी नसते. किल्ली गावातल्याच एखाद्या म्हाताऱ्या रखवालदाराकडे असते. पुष्कळदा दारावर किंवा भिंतीवर त्याचा फोन नंबर लिहिलेला असतो. चालकाला तो दाखवा, तोच फोन करेल. नंबर नसेल तर जवळच्या दुकानात विचारा. 'याओश त्साय श्वेइ नार?' म्हणजे किल्ली कोणाकडे? त्याआधी 'वो श्यांग खान शी-थाइ', मला रंगमंच पाहायचाय, असं म्हणा. वयस्क पुरुषाला 'ता-ये', बाईला 'ता-न्यांग' अशी हाक मारा. आपल्या आजोबा-आजीसारखीच ती हाक आहे आणि तिने चेहरे लगेच सैलावतात.

बारा ते अडीच या वेळात जाऊ नका. त्या तासांत सगळा गाव जेवून आडवा झालेला असतो. मी पहिल्या वेळी ठीक साडेबाराला पोचले आणि दोन तास बंद दारासमोरच्या पायरीवर बसून होते. शेजारच्या बाईंनी घरातून छोटं स्टूल आणि थर्मासमधलं गरम पाणी आणून दिलं. अडीचला आजोबा किल्ल्यांचा जुडगा वाजवत आले, त्यांना मी येऊन बसल्याचं आधीच कळलेलं होतं. त्यांना पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. सोबत घरचे लाडू होते, ते मात्र दोन्ही हातांनी घेतले. तेव्हापासून मी अशा ठिकाणी काहीतरी गोड घेऊनच जाते. वस्तू देताना दोन्ही हातांनी द्यायची, हे तिथलं वळण.

वही पुढे केली तर नाव आणि पासपोर्ट नंबर लिहा. दारातला लाकडी उंबरठा ओलांडून जा, त्यावर पाय देऊ नका. चपला काढायच्या नाहीत. आपला हात आपोआप चपलेकडे जातो, पण तिथे तशी पद्धत नाही.

सहावी पायरी: आधी देवाकडे जा, मग मागे वळा

आत गेल्याबरोबर रंगमंच दिसतो आणि पावलं तिकडेच ओढ घेतात. जाऊ नका. रंगमंचाकडे पाठ करा आणि सरळ समोर, उत्तरेकडे चालत जा. अंगण ओलांडलं की नैवेद्याचा मंडप लागतो आणि त्यामागे देवाचं मुख्य दालन. देवासमोर उभे राहा, नमस्कार करा, वाटलं तर उदबत्ती लावा, आणि मग मागे वळा.

आता तुम्ही देवाच्या जागेवरून बघताय. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला रंगमंच बरोबर समोर आहे, आणि त्याच्या कमानदार छपराची दोन टोकं वर उचललेली दिसतात. ही सगळी रचना या एका जागेसाठी केलेली आहे. मधल्या अंगणात गाव बसायचं, पण खेळ ज्याच्यासाठी होता तो इथे बसलेला आहे. म्हणूनच नट त्याच्याकडे तोंड करून गायचे आणि गावकऱ्यांच्या पाठी देवाकडे असायच्या. आमच्या गावी खेळाला उभं राहण्याआधी नट देवाला हात जोडत, ते मला इथे उभी राहिल्यावर आठवलं. ज्यांनी हे अंगण पहिल्यांदा रंगमंचाकडून पाहिलं त्यांना ते रिकामं आवार वाटतं. देवाकडून पाहिलं की ते प्रेक्षागृह होतं.

अंगणाच्या मधोमध पाचेक मिनिटं बसा. कोणी सोबत असेल तर त्याला रंगमंचासमोर उभं राहून साध्या आवाजात काही म्हणायला सांगा. तुम्ही मात्र देवाच्या दारात थांबून ऐका.

सातवी पायरी: रंगमंच जवळून

आता जवळ जा, पण चढू नका. वर जायची परवानगी आहे का ते आजोबांना विचारा. नाही म्हणाले तर विषय संपला, खालूनही जवळजवळ सगळं दिसतं.

चौथरा सुमारे मीटरभर उंच आहे. वरचा रंगमंच जवळपास चौरस, एका बाजूला साधारण साडेसात मीटर. पहिल्यांदा भिंती बघा. मागे पूर्ण भिंत आहे, पण दोन्ही बाजूंची भिंत मागच्या एक तृतीयांश भागापुरतीच आहे. पुढचे दोन तृतीयांश उघडे. म्हणजे प्रेक्षक समोर आणि दोन्ही अंगांना, असे तिन्ही बाजूंनी उभे राहत. बाजूची भिंत जिथे संपते तिथे एक जादाचा खांब आहे. या दोन खांबांच्या रेषेत आडवा पडदा लागायचा: पडद्यापुढे खेळ, पडद्यामागे रंगपट. विंग नाही, दर्शनी पडदा नाही, लपायला जागा फक्त त्या एका कापडामागे. शतकं पुढे सरकली तसे नंतरचे रंगमंच बाजूंनी बंद होत गेले आणि खेळ फक्त समोरून पाहायचा झाला. त्या बदलाच्या आधीचं चीन इथे उभं आहे.

मग पुढच्या दोन कोपऱ्यांतले दगडी खांब. मागचे लाकडी आहेत, हे पुढचे दोन मात्र दगडाचे, आणि या देवळाचा खरा ऐवज तेच. अगदी जवळ जाऊन, डोळे खांबापासून हातभर अंतरावर आणून बघा. फुलापानांच्या वेलीत गुबगुबीत मुलं कोरलेली आहेत. एखाद्याचा पाय वेलीला टेकलेला, एखाद्याने देठ घट्ट धरलेला. कमळातून जन्म घेणारं मूल हे बौद्ध कथांमधून आलेलं चित्र आहे, म्हणजे त्याचं मूळ आपल्याकडचंच. उभा प्रकाश असताना कोरीवकाम सपाट दिसतं. मोबाइलचा टॉर्च खांबाच्या एका बाजूने, अगदी तिरका धरा. मुलं लगेच उठून दिसतात. बोट मात्र लावू नका, दगड मऊ आहे.

याच खांबांवर कोरीव लेख आहेत. एकावर कुब्लाईच्या राजशकाचं विसावं वर्ष आहे, म्हणजे १२८३. दुसऱ्यावर १३२१ साल आहे. एकाच इमारतीच्या दोन खांबांत अडतीस वर्षांचं अंतर कसं? १७ सप्टेंबर १३०३ रोजी शेजारच्या होंगथोंग परिसरात भयंकर भूकंप झाला. चीनच्या इतिहासातल्या सर्वांत विध्वंसक भूकंपांपैकी तो एक. सगळं खोरं जमीनदोस्त झालं. रंगमंचाचंही नुकसान झालं, आणि गावाने तो १३२१ साली पुन्हा उभा केला. जुना खांब टिकला होता तो वापरला, आणि त्याच्या जोडीला नवा घडवून घेतला. दगड कोणी दिला त्यांची नावंही कोरली आहेत, देवळाच्या पायरीवर आपल्याकडे देणगीदारांची असतात तशी. मेलेल्यांची मोजदाद संपली नसेल अशा मुलखात अठरा वर्षांनी लोकांनी वर्गणी काढून नाटकाचा चौथरा पुन्हा बांधला. मला या दोन खांबांच्या मध्ये उभं राहिल्यावर बराच वेळ काही बोलवलं नव्हतं.

आठवी पायरी: मान वर करा

लहान दुर्बीण असेल तर आता काढा. छपराच्या आतून एकही मधला खांब नाही. चारी बाजूंच्या जाड तुळयांवर लाकडी हातांचे जुडगे बसवले आहेत, एकावर एक, आत आत सरकत. चिनी सुतारकामातल्या या जुडग्यांना 'तौ-कुंग' म्हणतात. चौकोन, मग अष्टकोन, मग त्याहून लहान अशी ही लाकडी विहीर उलटी होऊन डोक्यावर टांगल्यासारखी दिसते. सगळा भार सांध्यांत सांधे अडकवून तोललेला आहे. नटाच्या अंगावर सावली पडेल असा मधला खांब नको म्हणून सुतारांनी हा घाट घातला, आणि त्यातून छतालाच शोभा आली.

फोटोविषयी. देव दक्षिणेकडे तोंड करून, म्हणजे रंगमंचाचं तोंड उत्तरेला. त्याचा दर्शनी भाग दिवसभर सावलीत राहतो आणि मागे आभाळ लखलखतं. दुपारच्या फोटोत छप्पर येतं आणि आतला भाग काळा पडतो. ढगाळ दिवस सर्वांत चांगला. मे-जूनमध्ये अगदी सकाळी किंवा सूर्यास्ताआधी थोडं तिरकं ऊन दर्शनी भागावर येतं, ते साधता आलं तर साधा. ड्रोन नेऊ नका.

रंगपटाच्या भागात डोकावायला मिळालं तर भिंती नीट पाहा. शान्सीतल्या अनेक जुन्या रंगमंचांच्या मागच्या भिंतींवर फिरत्या मंडळ्यांनी आपली नावं, तिथी आणि केलेल्या नाटकांच्या याद्या शाईने लिहून ठेवलेल्या असतात. आजूबाजूच्या, युआननंतरच्या मिंग आणि छिंग राजवटींच्या काळातल्या रंगमंचांवर जाल तेव्हा आणखी एक खूण शोधा: डावी-उजवीकडच्या दोन दारांवर लिहिलेलं असतं 'छू-च्यांग' आणि 'रू-श्यांग', म्हणजे बाहेर पडावं सेनापती होऊन, आत जावं प्रधान होऊन.

खेळ चालू असेल तर

जुन्या संरक्षित रंगमंचांवर आता क्वचितच खेळ होतो. जत्रेत बहुधा शेजारी नवा चौथरा किंवा फिरता मंच असतो. दुपारी एक आणि रात्री एक असे खेळ तीन-चार दिवस चालतात. तिकीट नसतं. खर्च गावाच्या वर्गणीतून होतो आणि वर्गणीदारांची नावं लाल कागदावर लिहून भिंतीला डकवलेली असतात. लोक घरून बुटकी स्टुलं आणतात. तुम्हीही शहरातून एक विकत घ्या, किंवा मागे उभे राहा. पुढच्या रांगा म्हाताऱ्यांच्या, तिथे बसू नका. मंचाच्या बाजूला पट्टीवर चिनी अक्षरांत पदं सरकत असतात. भाषांतराचा कॅमेरा तिकडे धरला तर कथेचा धागा सापडतो.

या भागातलं नाटक म्हणजे 'फूच्यू'. लाकडाच्या टिपरीचा कडक ठेका, टिपेतला, काळीज चिरणारा सूर. पहिली दहा मिनिटं कान बावचळतात. तेवढं थांबा. मग अंगविक्षेप दिसू लागतात: अधिकाऱ्याच्या टोपीला दोन्ही बाजूंना पंखासारख्या पट्ट्या असतात, आणि मुरलेला नट मान स्थिर ठेवून त्यातली एकच पट्टी थरथरवतो, दुसरी निश्चल. मनातली घालमेल त्या एका पट्टीत उतरते. असं झालं की म्हातारे 'हाओ!' म्हणून ओरडतात. तुम्हीही ओरडा.

शेवटचा टप्पा: जाता जाता दोन ठिकाणं

दुपार हाताशी असेल तर त्याच भागातलं तुंगयांग गाव गाठा. तिथल्या पृथ्वीमातेच्या देवळासमोरचा रंगमंच १३४५ सालचा आहे. त्याचं छप्पर फुलीसारखं, दोन आढी एकमेकांना छेदणारं. वेइत्सुननंतर लगेच पाहिलात तर चोवीस वर्षांत सुतारांचा हात किती खुलला ते दिसतं. किल्लीचा प्रकार इथेही तोच.

दुसरा दिवस मात्र होंगथोंगच्या क्वांगशंग देवळासाठी ठेवा. इथे तिकीट आहे, वर्दळही आहे. टेकडीवर मिंग काळातला तेरा मजली, रंगीत चकाकत्या फरशांनी मढवलेला स्तूप आहे, सगळे तिकडेच जातात. तुम्ही आधी खाली, जलदेवाच्या दालनात जा. बाहेर झऱ्याचं पाणी दोन तालुक्यांत वाटायची जुनी सोय दिसेल: लोखंडी खांबांनी पाडलेले दहा कप्पे, सात एकाला, तीन दुसऱ्याला. या पाण्यावर शेती करणाऱ्या गावांनीच जलदेवासमोर नाटकं करवली.

दालनात शिरल्यावर दक्षिणेच्या भिंतीकडे, दाराच्या बाजूला वळा. तिथे १३२४ साली रंगवलेलं एक चित्र आहे, एका नाटकमंडळीचं. वर आडव्या पट्टीवर मंडळीची जाहिरातच लिहिली आहे: चोंगतू-श्यू इथे खेळ करते आहे. मधोमध लाल झग्यात, हातात दरबारी फळी धरून उभी असलेली व्यक्ती तीच, आणि ती पुरुषवेशातली बाई असल्याचं मानतात. आपल्या दशावतारात पुरुष लुगडं नेसून उभे राहतात, इथे सातशे वर्षांपूर्वी बाई अधिकारी होऊन उभी आहे. शेजारी रंगवलेल्या भुवयांचा आणि चिकटवलेल्या दाढीचा नट, मागे ढोलकं आणि बासरीवाले. वेइत्सुनच्या चौथऱ्यावर तुम्ही जो रिकामा पडदा मनाने लावला होता, तो इथे खराखुरा टांगलेला आहे, त्यावर चित्रं काढलेली आहेत.

फोटो काढता येतात का ते दारावरच्या माणसाला विचारा, बहुधा मनाई असते. आत उजेड कमी आहे, म्हणून लगेच निघू नका. दोन-तीन मिनिटांनी डोळे सरावले की चित्राच्या डाव्या बाजूला पडद्याची कड बघा. ती कोणीतरी आतून बोटांनी बाजूला सारली आहे, आणि एक चेहरा प्रेक्षक किती जमलेत ते पाहतोय.